भिंगरीची शाळा

कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवणाऱ्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं होती, आणि भिंगरी हे नाव तिला तिथेच पडलं. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. बाई दोन मिनिटं एका जागी टिकेल तर शपथ. चहा उभ्याने, फोन येरझाऱ्या घालत, आणि जेवताना निदान तीनदा उठणं ठरलेलं. पण एकदा का ती स्टुलावर बसली, डोळ्याला भिंग लावलं आणि तुटकी कवळी हातात घेतली, की मग शेजारी छत कोसळलं तरी तिला पत्ता नसायचा. अर्ध्या मिलीमीटरचा फरक तिला नुसत्या बोटाने कळायचा. तिने जोडलेल्या कवळीतला जोड ज्याची कवळी त्यालाही सापडत नसे.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याचा स्वभाव बरोबर उलटा. घरी आल्यावर तो खुर्चीत असा बसतो की खुर्चीनेही आशा सोडावी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो तिला 'अगं, बस ना जरा' म्हणायचा. पुढे त्याने तो नाद सोडला.

या दोघांची एकुलती एक मुलगी आता सव्वासहा वर्षांची आहे. तिला घरात खारू म्हणतात. बाटल्यांची झाकणं, दोऱ्याचे तुकडे, कागदाचे कपटे, हाताला लागेल ते खारीसारखं साठवायचं ही तिची खोड. तिचे खिसे रिकामे केल्याशिवाय कपडे धुवायला टाकायची सोय नाही.

चौथ्या वर्षी तिला शाळेत घातलं होतं. तिथल्या बाई काही दुष्ट नव्हत्या, पण एका वर्गात चाळीस पोरं, आणि खारू हळू. बाकीच्यांचं चित्र रंगवून, डबा खाऊन, हात धुऊन व्हायचे तेव्हा हिचा कुठे पहिला खडू निवडून व्हायचा. "हिच्या हाताला वळणच नाही," बाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या. मग पोरंही म्हणू लागली. खारूने आधी वर्गात बोलणं सोडलं, मग शाळेच्या फाटकापाशी, आणि एक दिवस घरातही. चार महिने पोरगी मुकी. तहान लागली की पेला उचलून दाखवायची. 

शेवटी तिने एकाच आठवड्यात मुलीला शाळेतून काढलं आणि स्वतःला लॅबमधून. येताना आपलं स्टूल आणि भिंग तेवढं मागून आणलं. मालकाने विचारलं, "घरी कुणाचे दात करणार आहेस?" ती म्हणाली, "शाळा काढतेय." त्याला ती थट्टा वाटली.

घरात शाळा काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये प्रत्येक पेशंटचं काम वेगळ्या ट्रेमध्ये असतं आणि वर चिठ्ठी असते. तिने घरातही तेच सुरू केलं. बाहेरच्या खोलीत फळी ठोकली आणि फळीवर ट्रे मांडले. एका ट्रेमध्ये मीठ पसरलेलं, त्यात बोटाने अक्षर काढायचं, ट्रे हलवला की पाटी कोरी. एकात अंड्यांचा पुठ्ठा, खळग्यांत आकडे लिहिलेले, आकडा असेल तेवढे वाटाणे टाकायचे. एकात रंगीत पाणी आणि लहानमोठ्या बाटल्या. एकात ओल्या कापसावर पेरलेल्या बिया, रोज त्यांचे कोंब पट्टीने मोजायचे. कपडे अडकवायच्या हँगरला दोन वाट्या टांगून तिने तराजू केला होता. त्यावर घरातली एकही वस्तू तोलायची राहिली नाही, बापाचं मनगटी घड्याळसुद्धा सुटलं नाही.

तीन आठवड्यांत खारू बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "बाबांचं घड्याळ साबणापेक्षा हलकं आहे." भिंगरी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

तर शाळा उत्तम चालली होती. फक्त बाई शाळेत टिकत नव्हत्या, एवढंच. खारू एका ट्रेपाशी बसली की भिंगरी दुसरा मांडायला. दुसरा मांडून झाला की कपडे वाळत घालायला, तिथून कागद भिजवायला, तिथून आणखी कुठे. खारूने काही पुरं केलं की ती येणार, वाकून बघणार, "शाब्बास!" म्हणणार, आणि तोंडातून शाब्बास निघेपर्यंत पाय पुढच्या ट्रेकडे वळलेले.

एकच काम असं होतं की जे खारूला काही केल्या जमेना. कात्री. रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडे. चौकोनाचा कोपरा जायचा, पानाचा देठ तुटायचा, आणि कागदी विणकामाच्या पट्ट्या तर अशा व्हायच्या की उंदराने कुरतडल्यात. आता असं काही समोर आल्यावर भिंगरीचे हात शिवशिवणार नाहीत तर काय? ती स्टूल ओढायची, भिंग लावायची आणि बसायची. तुटलेला देठ मागून पातळ कागदाची पट्टी लावून जोडायचा, नखाने दाबायचा, कड पुन्हा कातरून सरळ करायची. अर्धा अर्धा तास जायचा त्यात. खारू शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसून आईच्या दंडाला डोकं टेकायची आणि बघत राहायची. मग ते पान तारीख घालून फायलीत जायचं.

घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. मागच्या वर्षी आलेल्या साहेबांनी वाचन ठीक, आकडे उत्तम असं लिहिलं, आणि भिंगरीसमोर खारूने कापलेला वाकडा चौकोन बघून खाली एक ओळ टाकली: 'हातांचं काम वयाच्या मानाने बरंच मागे. पुढील तपासणीत सुधारणा न दिसल्यास शाळेत दाखल करावे.' ते पत्र भिंगरीने कपाटाच्या आत चिकटवलं होतं. कपाट उघडलं की पत्र, आणि कपाट तर दिवसातून वीसदा उघडायचं.

यंदाच्या तपासणीची तारीख आली. दहा दिवस हातात होते.

त्या दहा दिवसांत तिने जे मांडलं ते बघून एखाद्याला भोवळ आली असती. बोटांत जोर यावा म्हणून कपड्यांचे चिमटे, ओला स्पंज पिळणं, ड्रॉपरने थेंब सोडणं, कणकेत लपवलेले मणी शोधणं. स्क्रू आणि नट वेगळे करायचा ट्रे तिने नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीवर डल्ला मारून केला. खारू सगळं करायची. चिमटे टकाटक लावायची, मणी एकही सोडायची नाही. आणि कात्री हातात आली की पुन्हा पहिले पाढे.

"चिमट्याने ही तांदूळ उचलते," भिंगरी नवऱ्याला म्हणाली. ती गॅसपाशी उभी होती, मग खिडकीपाशी गेली, मग परत आली. "तांदूळ! आणि कात्रीला काय होतं हिच्या?"

"येईल गं हळूहळू."

"हळूहळू? शनिवारी तपासणी आहे!"

"तू आधी बस. मला मान फिरवून फिरवून दुखायला लागली."

"बसून काय होणार आहे? हातावर हात धरून बसू?"

शनिवारी काय होईल या विचाराने त्यालाही झोप लागत नव्हती, पण तो हे बोलायचा नाही. घरात एक जण सैरावैरा धावत असताना दुसऱ्यानेही धावून चालत नाही, असं त्याचं मत होतं.

गुरुवारी कपडे धुवायला टाकताना तिला खारूच्या खिशात एक कागदी मासा सापडला. अंगठ्याच्या नखाएवढा. शेपटीला झालर कातरलेली, पाठीवर खवल्यांच्या बारीक चिरा, आणि एकही चीर वावगी नाही. भिंगरीने तो प्रकाशात धरून पाहिला. इतकं बारीक काम घरात करणारं एकच माणूस होतं, म्हणजे ती स्वतः. कधी केला हे काही तिला आठवेना. कामाच्या नादात आपल्या हातून काय काय होतं आपल्यालाच कळत नाही, असं म्हणून तिने मासा खिडकीत ठेवला, आणि मनातल्या मनात आपल्या हातांची पाठही थोपटली.

शनिवारी सकाळी तपासनीसबाई आल्या. गेल्या वर्षीचे साहेब नव्हेत, या नव्याच. वय पन्नाशीच्या पुढे, अंग भरलेलं, आणि दोन जिने चढून गुडघ्यांनी राम म्हटलेला. "बसू कुठे?" त्यांनी विचारलं. भिंगरी सोफ्याकडे हात करणार तेवढ्यात खारूने आपल्याशेजारची बुटकी खुर्ची दाखवली. बाई आज्ञाधारकपणे तीत बसल्या. बसताना खुर्ची कुरकुरली आणि बाईही.

त्यांनी खारूकडून एक पान वाचून घेतलं. तराजूवर आपला चष्मा तोलून घेतला. मग फाईल मांडीवर घेतली.

भिंगरी दारापाशी उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, एवढंच तिचं चाललेलं. बाई एकेक पान उलटत होत्या. पानं सुरेख होती. फुलं, घरं, गाड्या, कागदी विणकामाची आसनं. पाचव्या पानावर बाईंचा अंगठा थांबला. त्यांनी पान उचलून उजेडाकडे धरलं. मग दहावं पान. मग एकदम शेवटचं.

"हे जोडलंय कुणी?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं भिंगरीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण खारू तिच्याकडे बघत होती.

"मी," ती म्हणाली.

"किती पानं जोडलीत?"

"कात्रीचं काम असलेली सगळी."

"एवढा बेमालूम जोड मी तीस वर्षांत पाहिला नाही," बाई म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं, आणि त्यामुळेच भिंगरीचं धाबं दणाणलं. "पण तपासणी तुमची नाही, हिची आहे. तुम्ही स्वयंपाकघरात जा बरं. मी हाक मारेपर्यंत येऊ नका."

ती आत गेली. आत जाऊन बसली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ही गोष्ट पहिल्यापासून पुन्हा वाचावी. तिने डबे उंचीप्रमाणे लावले. मग ते पसंत पडले नाहीत म्हणून रंगाप्रमाणे लावले. स्वच्छ ओटा पुसला. शाळेचं फाटक, चाळीस पोरं, पेला उचलून दाखवणारी खारू, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. फाईल जोडली हाच मूर्खपणा झाला, आता बाई म्हणणार पोरीला काहीच येत नाही, आई सगळं करून देते. जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी तिने दार बोटभर उघडलं आणि फटीला डोळा लावला.

बाईंनी एका कागदावर गोगलगायीचा शंख काढला होता. बाहेरून सुरू होऊन आत आत गोल गोल जाणारी एकच रेघ. "ही रेघ कापत जायचं. पार मधल्या टिंबापर्यंत. घाई नाही."

भिंगरीने डोळे मिटले. चौकोन न जमणाऱ्या पोरीला शंख!

कात्रीचा आवाज सुरू झाला. कर्र, कर्र, थांब. कर्र, कर्र. तिने एक डोळा उघडला. खारूने जीभ बाहेर काढली होती. उजव्या हातात कात्री स्थिर होती आणि डावा हात कागद फिरवत होता. कात्री नाही, कागद. हे तिला कुणी शिकवलं? लॅबमध्ये नव्या माणसाला हे शिकायला महिना लागायचा. कागदाची वेटोळी पट्टी टेबलाखाली उतरत गेली, पहिला वेढा, दुसरा, तिसरा, आणि कात्री रेघ सोडायला तयार नाही. टिंबाशी येऊन ती थांबली.

बाईंनी पट्टी हातात धरून वर उचलली. ती खारूच्या उंचीएवढी लांब होती आणि कुठेही तुटलेली नव्हती.

"अगं, हे तर फारच छान. शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. आई कपडे वाळत घालते ना, तेव्हा मी करते." खारूने खिशात हात घालून मूठभर ऐवज टेबलावर ओतला. नखाएवढी शिडी, नखाएवढी छत्री, हात धरून उभी असलेली तीन माणसं. "मासा पण होता. तो आईने घेतला."

फटीमागे भिंगरीला खिडकीत ठेवलेला मासा आठवला.

"मग फायलीतलं सगळं असं वाकडं कसं गं?" बाईंनी विचारलं.

खारूने शिडी उचलली, ठेवली.

"आजी, आईला नाही ना सांगणार?"

"नाही. मी नाही सांगणार."

"सरळ कापलं की आई शाब्बास म्हणते आणि जाते," खारू म्हणाली. "वाकडं कापलं की बसते."

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि लगेच नजर फिरवली.

भिंगरीने फटीवरचा डोळा काढला. दीड वर्ष. दीड वर्ष ही पोरगी येत असलेलं काम मोडत होती. कुठे कापलं म्हणजे जोडायला जास्त वेळ लागतो, हेही तिने हेरलं असणार. देठ उगीच तुटत नव्हते. आणि आपण भिंग लावून, अर्ध्या मिलीमीटरपर्यंत सगळं बघणारी शहाणी बाई, दंडाला टेकलेलं डोकं आपल्याला दिसलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की डबे उचलून फेकावेसे वाटले.

"अहो, या आता," बाहेरून हाक आली. "आणि आधी मला उठवा. ही खुर्ची मला सोडत नाहीये."

मायलेकींनी मिळून एकेका हाताला धरून बाईंना बाहेर काढलं. खारू खदखदून हसली. बाईंनी उभ्या उभ्याच कागदावर लिहिलं: 'हातांचं काम वयाच्या पुढे. घरी शिकणे चालू ठेवावे.' सही केली. जिन्यापर्यंत भिंगरी त्यांना सोडायला गेली.

"मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही हं," कठडा धरत बाई म्हणाल्या. "शब्द दिलाय मी."

"नाही सांगितलंत," भिंगरी म्हणाली.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या टपावर होता. "झाली पास," ती म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

तिने सांगितलं. 'मी सांगत होतो' असं म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क होता, पण तो म्हणाला नाही. "मी लवकर येतो," एवढंच म्हणाला.

ती बाहेरच्या खोलीत आली. खारू पुन्हा कात्री घेऊन बसली होती. समोर घराचं चित्र होतं, छप्पर, दार, दोन खिडक्या. भिंगरीला तिला जवळ घेऊन सगळं बोलून टाकायचं होतं. पण बोलायचं कसं? बाईंनी शब्द दिलेला, आणि ऐकलं ते दाराआडून. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

खारूने चमकून वर पाहिलं. अजून तर काहीच बिघडलेलं नव्हतं. मग तिने घाईघाईने कात्री चालवली आणि छपराचा कोपरा सपकन उडवला. उडवून चित्र आईपुढे धरलं.

भिंगरीचे हात नेहमीसारखे पुढे झाले. पातळ कागदाची पट्टी डाव्या हाताला होती, भिंग उजव्या. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. ठेवल्यावर त्यांचं काय करायचं हे तिला कळेना.

"छान आहे," ती म्हणाली. "राहू दे असंच."

"जोडत नाहीस?"

"नको."

खारूने स्टुलाकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे. ते पाय आता उठणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाय हलले नाहीत.

"मग बसलीस कशाला?"

हा प्रश्न तिने काही टोमणा म्हणून विचारला नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुझ्याजवळ बसायला."

"नुसतंच?"

"नुसतंच."

खारूने यावर विचार केला. छपराचा उडालेला तुकडा उचलून खिशात टाकला.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"तू उठेपर्यंत," भिंगरी म्हणाली.

खारूने खुर्ची सरकवली, दंडाला डोकं टेकलं आणि दुसरा कागद पुढे ओढला. आत दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, फोन दोनदा वाजून थांबला, भिंगरीच्या पायांना मुंग्या आल्या. पोरगी दीड तास उठली नाही.